नास्तिक असल्याचे उघडपणे सांगताना : मराठवाड्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘तुमचा देवावर विश्वास आहे काय?’ असे मराठवाड्यात सहसा कोणी कोणाला विचारत नाही. विचारतात ते निराळे : यंदा घट कोण बसवणार, सप्त्याची पट्टी किती द्यायची, सत्यनारायणाला जोडीने कोण बसणार, वडिलांच्या दहाव्याला पिंडाजवळ कोण असणार. म्हणून येथे माणसाचा नास्तिकपणा पहिल्यांदा दिसतो तो तो पाटावर बसला नाही त्या दिवशी. पुढील प्रश्न लातूर, परभणी, नांदेड, बीड या भागांतील परिचितांनी, विद्यार्थ्यांनी आणि क्वचित त्यांच्या पालकांनी प्रस्तुत लेखकाला विचारलेले आहेत. कायद्याविषयीचा भाग वगळता उत्तरे एका माणसाच्या अनुभवातून आलेली आहेत आणि ती तशीच वाचावीत.

देव मानतो, पण कर्मकांड मानत नाही. मी नास्तिक ठरतो काय?

नाही. विश्व चालवणारी, प्रार्थना ऐकणारी आणि पापपुण्याचा हिशेब ठेवणारी शक्ती आहे असे मानण्यास पुरेसे कारण नाही, या निष्कर्षाला जो आला त्याला आजच्या अर्थाने नास्तिक म्हणावे. महात्मा फुल्यांनी भटशाहीवर कोरडे ओढले, परंतु ते निर्मिक, म्हणजे सृष्टी निर्माण करणारा ईश्वर, मानत होते. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारा प्रत्येक कार्यकर्ता नास्तिक असतो, हाही असाच एक पसरलेला गैरसमज आहे; देवधर्माला आपला विरोध नाही, शोषणाला आहे, अशी भूमिका डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने सातत्याने मांडलेली आहे.

जुन्या परंपरेत या शब्दाचा अर्थ आणखी निराळा होता. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हटले. त्या मोजमापाने वेरूळच्या एकाच डोंगरातील बौद्ध आणि जैन लेणी नास्तिकांची ठरतात, तर ईश्वराशिवाय विश्वाची मांडणी करणारे सांख्य दर्शन आस्तिकांच्या पंगतीत बसते. ‘आपल्या संस्कृतीत नास्तिक नव्हतेच’ असे कोणी म्हणाले तर त्याला एकदा वेरूळला नेऊन आणावे.

मनात ठेवले तर कोणाचे काय बिघडते? सांगण्याची गरजच काय?

पुष्कळदा काहीच बिघडत नाही. शिक्षणाचा खर्च घरून येत असेल, घरात मारहाणीची भीती असेल किंवा लहान बहिणीचे लग्न आपल्या बोलण्यामुळे अडेल अशी स्थिती असेल, तर थांबावे. त्यात भित्रेपणा नाही. परंतु मौनाची किंमत नेहमी आपणच देतो असे समजू नये. प्रस्तुत लेखकाने बरीच वर्षे घरी काही सांगितले नव्हते. नोकरी लागल्यावर समजले की, त्या नोकरीसाठी आईने तुळजापूरच्या भवानीला नवस बोलून दोन वर्षे मंगळवार धरले होते आणि पित्ताचा त्रास असूनही एकही मंगळवार मोडला नव्हता. वेळीच सांगितले असते तर तिने नवस बोललाच नसता असे नाही; मात्र निदान माझ्या नावाने उपाशी राहू नको, असे म्हणण्याचा अधिकार मला राहिला असता. नवस फेडायला मी तिच्याबरोबर गेलो आणि परतीच्या एस.टी.त, नळदुर्गच्या अलीकडे, प्रथम तोंड उघडले. फार उशीर झाला होता असे आजही वाटते.

सर्वांत आधी कोणाला सांगावे?

ज्याच्या पोटात गोष्ट राहते त्याला. बहुतेक घरांत अशी एखादी बहीण, मावशी किंवा धाकटा मामा असतो. पंगतीत, सणाच्या दिवशी किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर हे जाहीर करू नये. गटावर टाकलेले वाक्य अर्ध्या तासात सोयऱ्यांकडे पोचते आणि आईवडिलांना ते आपल्याकडून न कळता चुलत्याकडून कळते. त्यानंतर त्यांचा राग मताविषयी न राहता अपमानाविषयी होतो.

आईवडिलांना कोणत्या शब्दांत सांगावे?

‘नास्तिक’ हा शब्द शक्यतो पहिल्या दिवशी वापरू नये. आपल्याकडे ‘नास्तिक कुठला!’ ही शिवी आहे. उपकाराची जाण नसलेल्या, कोणाचे भय नसलेल्या माणसासाठी ती वापरतात. आपण एक अर्थ मनात धरून तो शब्द उच्चारतो आणि आईच्या कानावर दुसराच पडतो. त्यापेक्षा काय करणार आणि काय करणार नाही, हे सांगावे. ‘माय, मला पूजेला बसवू नको, माझ्या मनात ते राहिलेले नाही. तुझ्या पूजेत मी कधी खोडा घालणार नाही,’ एवढी दोन वाक्ये पुरतात. पुढचे प्रश्न ती स्वतःच विचारील, आणि विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे.

आई आणि वडील यांची भीती एकच असते असे नाही. आईला बहुधा कोपाची भीती असते : देवीचे सोडले तर घरावर काही येईल. ही भीती युक्तिवादाने जात नाही. उलट त्या वर्षी घरात कोणी आजारी पडले, तर तिचा दुवा तुमच्या बोलण्याशी जोडला जाणार, हे गृहीत धरून त्या आजारपणात रुग्णालयाच्या पायऱ्या आपणच सर्वांत जास्त चढाव्यात. वडिलांना भावकीची भीती असते : लोक काय म्हणतील, सोयरीक कोण करील, मी गेल्यावर पाणी कोण देईल. यांपैकी शेवटचा प्रश्न ते बोलून दाखवत नाहीत, पण तो असतो, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे तयार असावे. ‘तुमच्या इच्छेप्रमाणे सगळे होईल, मी उभा राहीन,’ असे म्हणण्यात कोणतीही तत्त्वच्युती नाही, कारण तो विधी त्यांच्या श्रद्धेचा आहे.

कोणाच्या नादी लागलास, असेही विचारले जाईल. मित्राचे किंवा शिक्षकाचे नाव घेऊ नये. त्यांच्या दारापर्यंत भांडण जाते.

घरातला थोरला मुलगा मीच आहे. कुळाचाराचे काय करावे?

सर्वांत अधिक आणि सर्वांत कळकळीने विचारला जाणारा हा प्रश्न आहे. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी, माळेगावचा खंडोबा यांपैकी एखादे दैवत घराण्याचे असते. नवरात्रात घट, लग्नानंतर गोंधळ किंवा जागरण, मुलाचे जावळ, नव्या जोडीने देवदर्शन, असा तो क्रम पिढ्यान्‌पिढ्या थोरल्या घरी चालत आलेला असतो. त्यात श्रद्धा किती आणि घराण्याचे एकत्र येणे किती, हे वेगळे करून दाखवणे करणाऱ्यालाही जमत नाही. म्हणून ‘मी मानत नाही’ या तीन शब्दांत तो विषय संपत नाही. तुम्ही सोडलेले काम दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडते.

जमेल तेथे कुळाचार धाकट्या भावाकडे किंवा चुलत्याकडे रीतसर सोपवावा, तोही नवरात्राच्या आदल्या दिवशी न सोपवता दोन-तीन महिने आधी, सर्वांना बसवून. खर्चाचा आपला वाटा चालू ठेवावा की नाही, याबद्दल नास्तिकांमध्येच मतभेद आहेत. माझे मत असे की, आईवडील हयात असेपर्यंत द्यावा. त्याला ढोंग म्हणणारे भेटतील. त्यांनी त्यांच्या घरी वेगळे करावे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे. पुष्कळ घरांत पुरुष स्वतःला नास्तिक म्हणवतो, चार लोकांत तसे बोलतो, आणि त्याची बायको नऊ दिवस अनवाणी राहून, उपास धरून, घटाला पाणी घालून त्याच्याच घराण्याचा कुळाचार सांभाळते. तिची श्रद्धा असेल तर प्रश्न नाही. पण ‘सासूबाईंना काय सांगणार’ एवढ्याच कारणाने ती करीत असेल, तर अशा नवऱ्याने आपण नास्तिक असल्याचे अजून घरी सांगितलेलेच नाही, असे समजावे.

मी सून आहे. माझ्यासाठी हे सगळे तसेच लागू होते काय?

तसेच नाही. मुलगा पूजेला बसला नाही तर तो ‘शिकून शहाणा झालेला’ असतो; सून बसली नाही तर तिच्या माहेरचे संस्कार निघतात. वटसावित्री, हळदीकुंकू, मासिक पाळीत वेगळे बसणे, एकादशीचा फराळ, अशा रोजच्या गोष्टींतून तिचा नास्तिकपणा दिसतो आणि त्या टाळायला तिच्याजवळ ‘कामावर जायचे आहे’ याखेरीज सबब नसते. लग्न ठरण्यापूर्वी हे बोलता आले तर उत्तम. झाले असेल तर आधी नवऱ्याशी बोलावे आणि सासूशी बोलण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. पाळी पाळणे सोडण्यापासून सुरुवात केलेली अनेकींना सोपी गेल्याचे दिसते, कारण तेथे सासूच्या पिढीतल्या बायकाही मनातून कंटाळलेल्या असतात.

प्रसाद घ्यावा काय?

घ्यावा. तो शिरा असतो.

सप्त्याची पट्टी आणि गावातले सण?

अखंड हरिनाम सप्ताहात आठवडाभर गावाला जेवण असते, काल्याच्या दिवशी पाहुणे येतात आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे भाऊ एका पंगतीत वाढतात. पट्टी या पंगतीसाठी देतो असे समजून द्यावी. अंगारा-धुपारा किंवा उतारा करणाऱ्या बुवासाठी गोळा केलेली पट्टी देऊ नये, आणि का देत नाही तेही सांगावे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा काही प्रकारांना गुन्हा ठरवले आहे. लातूर-धाराशिवकडील येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा रानातला सण, तर कोणी नास्तिकाने चुकवू नये. कडब्याच्या कोपीत लक्ष्मी पुजली जाते हे खरे, परंतु रानात बसून खाल्लेली भज्जी, उंडे आणि आंबील मानणाऱ्याला व न मानणाऱ्याला सारखीच लागते.

‘काहीतरी दुःख झाले म्हणून देव सोडलास,’ असे लोक म्हणतात. काय उत्तर द्यावे?

आपल्या भागाने याची मोठी परीक्षा पाहिलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र संपत असताना, किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्या पहाटेने कोणाचा देव सुटला, कोणाचा अधिकच घट्ट झाला. एकाच दुःखातून दोन्ही निघत असेल, तर दुःख हे त्याचे कारण म्हणून सांगता येत नाही. बहुतेक नास्तिकांची गोष्ट तर फार साधी असते : प्रश्न पडत गेले, मिळालेली उत्तरे पटेनाशी झाली, आणि एके दिवशी हात जोडताना आपण सवयीने जोडतो आहोत हे लक्षात आले. संकटात देव आठवेल, असेही सांगितले जाईल. आठवेलही, लहानपणीचे सगळेच संकटात आठवते.

धार्मिक विधी न करता लग्न करता येते काय?

येते. विशेष विवाह अधिनियम, १९५४ अन्वये जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते. नोटीस कार्यालयात लावली जाते, ३० दिवस हरकतींसाठी थांबावे लागते, आणि त्यानंतर तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो. घरून विरोध असेल तर नोटीस सर्वांना दिसते, हे आधीच ध्यानात घ्यावे. दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन कुटुंबांतील असतील तर १९७६ च्या दुरुस्तीमुळे त्यांचा वारसाहक्क पूर्वीच्याच कायद्याने चालतो; एरवी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीचा विवाह भटजीशिवाय होतो, परंतु तो निरीश्वर विधी नाही, एवढा फरक करावा.

‘नास्तिक झालास तर जमिनीतला वाटा जाईल’ अशी धमकी काही घरांत दिली जाते. ती पोकळ आहे. हिंदू कुटुंबात जन्मलेल्या आणि दुसऱ्या धर्मात न गेलेल्या माणसाला, तो देव मानो वा न मानो, हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ लागू राहतो.

अर्जावरील ‘धर्म’ या रकान्यात काय लिहावे?

मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली निर्णय दिला की, कोणालाही आपला धर्म जाहीर करण्याची सक्ती शासन करू शकत नाही, आणि आपण कोणत्याही धर्माचे नाही असे म्हणण्याचा अधिकार संविधानाच्या कलम २५ मधील सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात येतो. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ३३ हजार लोकांनी स्वतःची नोंद नास्तिक म्हणून केली, आणि त्यांत सर्वाधिक, साडेनऊ हजारांहून अधिक, महाराष्ट्रातील होते. प्रत्यक्षात किती जणांनी प्रगणकाला घराचा धर्म सांगून टाकला असेल, याचा अंदाज प्रत्येकाने आपल्या घरावरून करावा.

एक सावधगिरी आवश्यक आहे. अनुसूचित जातींचा दर्जा १९५० च्या आदेशानुसार हिंदू, आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी शीख (१९५६) व बौद्ध (१९९०) धर्मीयांपुरता ठेवलेला आहे. म्हणून ज्यांचे शिक्षण किंवा नोकरी जातीच्या दाखल्यावर अवलंबून आहे, त्यांनी रकाना बदलण्यापूर्वी जाणत्या वकिलाला विचारावे. दाखल्यावर काय आहे आणि मनात काय आहे, यांत अंतर राहिले तर त्याचा दोष दाखल्याच्या व्यवस्थेचा आहे.

शाळेत किंवा नोकरीत प्रार्थना-पूजेची सक्ती झाली तर?

शासनमान्य वा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणालाही स्वतःच्या, आणि अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक उपासनेला उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही, असे कलम २८ (३) सांगते. प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून आर्थिक लाभ अडवलेल्या नाशिकच्या एका शिक्षकाला उच्च न्यायालयाने न्याय दिलेला आहे. न्यायालयात साक्ष देताना ईश्वराची शपथ न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करण्याची सोय शपथ अधिनियम, १९६९ मध्ये आहे. कार्यालयातील दसऱ्याच्या खंडेपूजेला मात्र कोर्टात जाण्याइतके महत्त्व देऊ नये.

हिंदू घरांखेरीज इतरांचे काय?

बौद्ध घरांत देव नाकारणे ही वारशाने आलेली गोष्ट आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवातच ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव न मानण्यापासून होते. तेथे अडचण निराळी असते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे ज्यांनी सोसले, त्यांच्या मुलाने वंदना म्हणण्यास नकार दिला तर तो चळवळीशी द्रोह वाटतो. मुस्लिम घरांत सांगणे सर्वांत अवघड असते, कारण निकाह आणि दफन दोन्ही जमातीच्या हाती असतात. हमीद दलवाई यांनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले ते अशा एकट्या पडणाऱ्यांना आधार मिळावा म्हणूनही. शिवाय मराठवाड्यात निजामाच्या काळातील रझाकार या सशस्त्र संघटनेच्या आठवणी अजून आजोबांच्या तोंडी आहेत. म्हणून हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही बाजूंना धर्म सोडणे म्हणजे आपली माणसे सोडणे वाटते. बाहेरून सल्ला देणाऱ्याने हे विसरू नये.

उघड बोलण्यात धोका आहे काय?

नाही म्हणणे खोटे ठरेल. दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झाली, आणि ते तर देवाविरुद्ध बोलतही नव्हते. घरात व मित्रांत मत सांगणे आणि जाहीर लिहिणे यांत फरक करावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ प्रमाणे एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने दुखावण्यासाठी धर्माचा अपमान करणे हा तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. ‘मी देव मानत नाही’ हे वाक्य त्यात येत नाही. देवतांची विटंबना करणारी चित्रे पुढे पाठवणे येऊ शकते, आणि त्यातून कोणाचे मत बदलल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या मृत्यूनंतर विधी नकोत. त्याची तजवीज कशी करावी?

लिहून ठेवावे आणि ज्यांनी ते पाळायचे आहे त्यांना जिवंतपणी वाचून दाखवावे. देहदानाचा अर्ज संभाजीनगरच्या घाटीत (तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात), अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात, तसेच नांदेड व लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचनाशास्त्र विभागाकडे करता येतो. अर्ज भरला म्हणजे काम झाले असे नाही. त्या वेळी नातेवाइकांनी कळवले नाही किंवा नकार दिला, तर अर्जाचा उपयोग होत नाही. पोलीस प्रकरण असलेला देह स्वीकारत नाहीत. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावे लागते. तेराव्याचे जेवण मुलांना घालावेसे वाटले तर घालू द्यावे. तुम्ही तेथे नसणार.

या भागात आपल्यासारखे कोणी नाही, असे वाटते.

कुरुंदा गावचे नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते. ते स्वतःला नास्तिक म्हणवून घेत आणि धर्मग्रंथांवर बोलू लागले की श्रद्धाळूही ऐकायला गर्दी करीत, कारण ज्यावर टीका करायची ते त्यांनी टीकाकारापेक्षा आणि भक्तापेक्षाही अधिक वाचलेले असे. १९८२ साली, पन्नाशीच्या आतच, ते गेले. त्यांच्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी आज या आठ जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांत शिकवतात. तालुक्याच्या वाचनालयात नियमित येणाऱ्यांशी ओळख वाढवावी. चौथ्या-पाचव्या चहाला कोणीतरी दबक्या आवाजात आपलेही तसेच असल्याचे सांगतो.

नास्तिकाने देवळात जावे काय?

जावेसे वाटले तर जावे. आई दरवर्षी श्रावणात औंढा नागनाथला जाते आणि मी तिला घेऊन जातो. ती गाभाऱ्यात असते तेवढा वेळ मी बाहेरच्या भिंतींवरील शिल्पे पाहतो. इतक्या वर्षांत ती पाहून संपलेली नाहीत. गर्दी फार असली तर मात्र चपलांपाशी बसून राहतो. सोबतच्या बायकांनी ‘पोरगा आत येत नाही व्हय?’ असे विचारले की, पूर्वी ती त्याचे पाय दुखतात म्हणून सांगत असे. गेल्या वर्षी म्हणाली, ‘त्याचं नसतंय तसलं काही. चपला ठेवा त्याच्याजवळ.’